पत्र्याच्या केबिनमध्ये एसी आणि डक्ट : आधी काय, नंतर काय

साइट ऑफिस असो, शेतावरचं कंटेनर घर असो की गेटवरची वॉचमनची खोली, पत्र्याच्या केबिनचं गाऱ्हाणं ठरलेलं असतं. दीड टनाचा एसी लावलाय, दिवसभर चालतोय, आणि दुपारी दोन वाजता आत बसवत नाही. मग दुसरा एसी येतो. बिल दुप्पट होतं, उकाडा तेवढाच राहतो.

यात बहुतेक वेळा एसी निर्दोष असतो. चुकलेला असतो तो कामाचा क्रम. एसी सगळ्यांत शेवटी घ्यायची वस्तू आहे आणि लोक नेमकी ती आधी घेतात. खालच्या पायऱ्या २० × ८ फुटांची केबिन डोळ्यांपुढे ठेवून लिहिल्या आहेत. डक्टच्या (गार हवा खोल्यांत पोहोचवणाऱ्या पत्र्याच्या नळीच्या) भागात मात्र ४० फुटी, दोन खोल्यांची केबिन धरली आहे, कारण २० फुटीला डक्टची गरजच नसते.

## १. ऑर्डर देण्याआधी उंची मोजा

साधा शिपिंग कंटेनर बाहेरून ८ फूट ६ इंच उंच असतो. आतून मिळतात जेमतेम ७ फूट १० इंच. छताला दोन इंचांचं इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर) आणि खाली बोर्ड लागला की साडेसात फूट उरतात. त्यात फॉल सीलिंग करून डक्ट फिरवायचा म्हटलं तर उंच माणसाचं डोकं ग्रिलला लागेल. हायक्यूब कंटेनर बाहेरून ९ फूट ६ इंच, आतून साधारण ८ फूट १० इंच असतो. डक्ट हवाच असेल तर हायक्यूब घ्या, किंवा फॅब्रिकेटरकडून केबिन बनवून घेताना आतली उंची नऊ फूट मागा. केबिन उतरल्यावर हे बदलता येत नाही.

सोबत चार गोष्टी कागदावर लिहून ठेवा : आत एका वेळी किती माणसं बसणार, कोणती उपकरणं चालणार, दार दिवसातून किती वेळा उघडणार, आणि ही केबिन पुढे हलवायची आहे का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर एसीची जोडणी त्या हिशेबानेच करावी लागते.

## २. दिशा, पाया आणि सावली

केबिनच्या लांब भिंती उत्तर आणि दक्षिणेला येऊ द्या, आखूड भिंती पूर्व-पश्चिमेला. दुपारनंतरचं ऊन पश्चिमेच्या भिंतीवर थेट आदळतं, म्हणून ती भिंत जेवढी लहान तेवढं बरं. मोठी काचेची खिडकी पश्चिमेला कधीच नको.

केबिन जमिनीपासून फूट-दीड फूट उंच ठोकळ्यांवर ठेवा आणि पाण्याच्या लेव्हल ट्यूबने चारही कोपरे तपासा. ट्रेलर निघून गेल्यावर तिरकी केबिन सरळ करायला पुन्हा क्रेन बोलवावी लागते. तिरकेपणा डोळ्यांना दिसत नाही, पण एसीच्या ड्रेनचं पाणी उलटं वाहून भिंतीवर ओघळतं तेव्हा कळतं.

आता सावली. हा खर्च लोकांना वायफळ वाटतो, म्हणून आकडे बघा. मे महिन्यात उघड्या गडद पत्र्याचं तापमान ६५ ते ७० अंशांवर जातं. २० फुटी केबिनचं छत सुमारे १५ चौरस मीटरचं. पत्र्याखाली काहीच नसेल तर एकट्या छतातून साधारण ४ किलोवॅट उष्णता आत येते. एक टनाचा एसी ३.५ किलोवॅट उष्णता बाहेर काढतो. म्हणजे एक अख्खा टन छतच गिळून टाकतं, माणसं अजून आत आलेलीच नाहीत.

उपाय जुनाच आहे : छतावर फूट-दीड फूट अंतर सोडून दुसरा पत्रा. त्याच्या दोन्ही बाजू उघड्या ठेवा, म्हणजे मधली तापलेली हवा निघून जाईल. पत्रा पश्चिमेला आणि दक्षिणेला दोन फूट बाहेर काढा. कोकणात आणि घाटमाथ्यावर तो केबिनच्या मुख्य फ्रेमला बोल्टने आवळा, पत्र्याच्या स्क्रूवर भिस्त ठेवू नका.

नेहमीची चूक : हिरवी शेडनेट छतावर थेट अंथरणं. मध्ये हवेची जागा नसेल तर नेट स्वतः तापते आणि ती उष्णता पत्र्यालाच देते. नेट लावायचीच तर दोरी-पाइपवर ताणून, छतापासून वर.

दुसरा पत्रा शक्य नसेल तर पांढरा कूल-रूफ रंग लावा. मात्र त्यावर साइटची धूळ बसली की अर्धा गुण गेला, म्हणून उन्हाळ्यात अधूनमधून छत धुवावं लागतं.

## ३. सगळी कापाकापी आणि वेल्डिंग इथेच संपवा

ही पायरी सर्वांत जास्त चुकते, आणि धोकाही इथेच सर्वांत मोठा आहे.

इन्सुलेशन भरण्याआधी केबिनला लागणारं प्रत्येक भोक पाडून घ्या : खिडक्या, एक्झॉस्ट फॅन, वायर, ड्रेन पाइप, एसीच्या तांब्याच्या नळ्या, डक्टचं तोंड. स्प्लिट एसीच्या नळ्यांसाठी ६५ ते ७५ मिलिमीटरचं भोक पुरतं. ते बाहेरच्या बाजूला किंचित खाली उतरतं ठेवा, नाहीतर पावसाचं पाणी आत येईल. आउटडोअर युनिटच्या ब्रॅकेटसाठी लोखंडी पट्ट्या याच वेळी केबिनच्या उभ्या खांबांना वेल्ड करून घ्या. नुसत्या पत्र्यावर ब्रॅकेट बसवलं तर कॉम्प्रेसरची थरथर पत्रा वाजवते आणि रात्री आत झोपता येत नाही.

धोका : भिंतीत पफ (पॉलियुरेथेन फोम) किंवा थर्माकोल भरल्यानंतर ग्राइंडर आणि वेल्डिंग मशीन केबिनजवळ आणू नका. दोन्ही वस्तू पेट घेतात, धूर विषारी असतो, आणि ठिणगी बोर्डामागे बराच वेळ धुमसत राहू शकते. एसीवाला आल्यावर ‘एक छोटं भोक पाडतो’ म्हणाला तर ड्रिल आणि होलसॉ (गोल भोक पाडणारी करवत) वापरायला लावा, तेही बादलीभर पाणी आणि अग्निशामक सिलिंडर शेजारी ठेवून.

कापलेल्या प्रत्येक कडेला घासून प्रायमर लावा. खिडकीच्या आणि पाइपच्या सांध्यांना पीयू सीलंट भरा.

तपासणी : दार-खिडक्या लावून बाहेरून नळीने पाणी मारा. गळती आता दिसली तर अर्ध्या तासाचं काम आहे. बोर्ड लागल्यावर दिसली तर भिंत उसवावी लागते.

## ४. इन्सुलेशन

बाजारात तीन पर्याय भेटतात. पफ उष्णता सर्वांत चांगली अडवतो आणि पत्र्याला चिकटून बसतो. थर्माकोल स्वस्त, पण त्याच गुणासाठी जवळपास दीडपट जाडी लागते. ग्लासवूल आणि रॉकवूल पेटत नाहीत, ही मोठी जमेची बाजू. मात्र ग्लासवूलमध्ये ओल शिरली की ते खाली बसतं आणि भिंतीचा वरचा भाग रिकामा होतो. स्वयंपाकाची जागा केबिनमध्येच असेल तर त्या भिंतीला रॉकवूलच लावा. बाकी ठिकाणी पैसे असतील तर पफ.

छताला किमान ५० मिलिमीटर, विदर्भात ७५. भिंतींना ५० चालतं. वरच्या छताच्या उदाहरणात ५० मिलिमीटर पफ भरला तर ४ किलोवॅटचे कागदावर ३०० वॅट होतात. प्रत्यक्षात लोखंडी पट्ट्यांमधून उष्णता आत झिरपते, म्हणून ५०० धरा.

या पट्ट्यांचा बंदोबस्त मात्र करायला हवा. आतला बोर्ड थेट लोखंडी फ्रेमवर ठोकला की प्रत्येक पट्टी उष्णतेचा रस्ता बनते. बोर्ड आणि फ्रेम यांच्यामध्ये लाकडी पट्टी किंवा ६ ते १० मिलिमीटरची फोमची पट्टी टाका. खर्च किरकोळ, फरक हाताला कळतो.

कोकण, मुंबई, गोवा इथे आणखी एक संकट असतं. पावसाळ्यात बाहेरची दमट हवा पत्र्याच्या फटींतून भिंतीत शिरते, एसीने गार झालेल्या बोर्डाच्या मागच्या बाजूला तिचं पाणी होतं, आणि दुसऱ्या वर्षी बोर्ड फुगतो, बुरशीचा वास येतो. म्हणून या भागात ओल अडवणारा प्लास्टिकचा किंवा फॉइलचा पडदा इन्सुलेशनच्या बाहेरच्या बाजूला हवा, पत्र्याकडे. परदेशी व्हिडिओंत तो आतल्या बाजूला लावताना दाखवतात, कारण त्यांच्याकडे थंडी बाहेर असते. आपल्याकडे उलट आहे. पत्र्यावर थेट फवारलेला पफ एकसंध बसला असेल तर वेगळा पडदा लागत नाही.

तपासणी : दुपारी दोन वाजता, एसी न लावता, छताच्या बोर्डावर आतून हात फिरवा. एकसारखा कोमट लागला तर काम ठीक. ठरावीक अंतरावर गरम पट्टे लागले तर फ्रेम मोकळी राहिली आहे. एखादाच चौकोन गरम असेल तर तिथे इन्सुलेशन भरलंच नाही, फॅब्रिकेटरला परत बोलवा.

## ५. वायरिंग आणि अर्थिंग

संपूर्ण लोखंडी खोलीत आपण विजेचं यंत्र चालवणार आहोत, हे डोक्यात पक्कं असू द्या. केबिन सिमेंटच्या ठोकळ्यांवर बसते, त्यामुळे तिला आपोआप अर्थ मिळत नाही. केबिनच्या सांगाड्याला समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर अर्थिंग जोडा, शेजारी स्वतंत्र अर्थ पिट करा, आणि मेनमध्ये ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच) बसवा. तो वारंवार पडतो म्हणून काढून टाकणारे महाभाग आहेत. तो पडतोय याचा अर्थ कुठेतरी करंट बॉडीत उतरतोय.

दीड टनाच्या एसीला स्वतंत्र लाइन द्या : ४ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर, २० अँपिअरचा सी-कर्व्ह एमसीबी (जादा करंट झाला की पडणारा स्विच). वायर पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट हवाच, नाहीतर पत्र्याची धार इन्सुलेशन कापते.

साइटवर मीटर दूर असतो, ही वेगळी डोकेदुखी. १०० मीटरवरून अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणली तर ८ अँपिअरला सुमारे १२ व्होल्ट वाटेतच जातात, १५ अँपिअरला २२. संध्याकाळी लाइनच २०० व्होल्टवर आली की एसीला काय मिळणार? अशा ठिकाणी १० चौरस मिलिमीटरची केबल टाका. स्टॅबिलायझर वायरची चूक झाकतो, दुरुस्त करत नाही.

## ६. टनाचा हिशेब

दुकानदार चौरस फुटांवरून टन सांगतो. ते कोष्टक विटांच्या घरांचं असतं, पत्र्याच्या केबिनला ते लावू नका. नागपूर-चंद्रपूरकडचं चार माणसांचं २० फुटी ऑफिस, मे महिन्यातली दुपार, असा ढोबळ हिशेब धरा :

- छत, ५० मिलिमीटर पफसह (७५ असेल तर आणखी कमी) : ०.५ किलोवॅट
- भिंती : ०.५५
- दोन लहान खिडक्या, पडद्यासह : ०.६
- चार माणसं : ०.५
- संगणक, प्रिंटर, दिवे : ०.५
- दार उघडल्याने आत येणारी हवा : ०.६

बेरीज सव्वातीन किलोवॅट, म्हणजे एक टनाच्या आत. पण एसीवर छापलेली क्षमता बाहेर ३५ अंश असताना मोजलेली असते, ४५ अंशांना ती खाली येते. म्हणून इथे दीड टन घ्यायचा. पुण्या-नाशकात याच केबिनला एक टन पुरेल.

हीच केबिन इन्सुलेशनशिवाय असेल तर छताचे ४ आणि भिंतींचे ६ धरून बेरीज १२ किलोवॅटच्या आसपास जाते. साडेतीन टन! सुरुवातीला म्हटलेला दुसरा एसी कुठून आला ते इथे दिसतं.

चूक : ‘मोठाच घेऊ, लवकर गार होईल.’ गरजेपेक्षा मोठा एसी हवा झटपट गार करून थांबतो, दमटपणा काढायला त्याला वेळच मिळत नाही. कोकणात अशा खोलीत गार पण चिकट वाटतं.

## ७. एसी की कूलर

नागपुरात ४४ अंश आणि २० टक्के आर्द्रता असताना चांगला डक्ट कूलर २९ अंशांची हवा देतो, वीज एसीच्या कितीतरी कमी. मुंबईत ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेला तोच कूलर ३० अंशांची ओलीचिंब हवा देईल. म्हणून विदर्भ, खानदेश, मराठवाड्यात मार्च ते मेपर्यंत कूलर उत्तम. किनाऱ्यावर त्याचा विचारही नको.

कूलरला हवा बाहेर जायला वाट लागते, आणि हीच लोक बंद करतात. ४० फुटी केबिनला तासाला तीसेक वेळा हवा बदलायची तर १२०० सीएफएमचा (मिनिटाला १२०० घनफूट हवा देणारा) कूलर लागतो, आणि समोरच्या टोकाला अडीच चौरस फूट उघडं तोंड. खिडक्या लावून कूलर चालवणं म्हणजे स्वतःला वाफ देणं.

महाबळेश्वरकडे किंवा नाशिकच्या मळ्यात हिवाळ्याची ऊब हवी असेल तर ‘हॉट अँड कोल्ड’ प्रकारचा एसी घ्या, तो हीटरपेक्षा कमी वीज खातो.

जिवाचा धोका : बंद केबिनमध्ये कोळशाची शेगडी कधीही पेटवून झोपू नका. चांगली इन्सुलेट केलेली केबिन हवाबंद असते, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

## ८. स्प्लिट एसी बसवणं

इनडोअर युनिट आखूड भिंतीवर लावा, हवा केबिनच्या लांबीत फेकली जाईल. आउटडोअर युनिट उत्तरेला, सावलीत, रबरी पॅडवर. दुसरं छत केलं असेल तर त्या दोन पत्र्यांच्या मधल्या पोकळीत आउटडोअर ठेवू नका, ती तापलेली हवा आहे.

ड्रेन पाइपला मीटरला किमान एक सेंटिमीटर उतार द्या. बाहेरचं टोक केबिनच्या पायाशी सोडू नका, तिथे गंज धरतो.

नळ्या जोडल्यावर व्हॅक्यूम पंप लावायलाच सांगा. थोडा गॅस सोडून हवा बाहेर ढकलायची सवय अजून गेलेली नाही. नळीत राहिलेली ओल कॉम्प्रेसर खाते, शिवाय हल्लीचा आर-३२ गॅस काही प्रमाणात ज्वालाग्राही आहे. गेज ५०० मायक्रॉनपर्यंत (हे व्हॅक्यूमचं माप) उतरलं पाहिजे, आणि पंप बंद केल्यावर दहा मिनिटं तिथल्या तिथे टिकलं पाहिजे. चढत राहिलं तर गळती आहे.

तपासणी : इनडोअरच्या ट्रेमध्ये तांब्याभर पाणी ओता. ते पूर्ण बाहेर पडेपर्यंत मेकॅनिकला सोडू नका.

## ९. दोन खोल्यांसाठी डक्ट

आधी एक इशारा. अमेरिकेतल्या मोबाइल होममध्ये डक्ट जमिनीखाली, घराच्या पोटातून जातो, आणि इंटरनेटवरचे बहुतेक व्हिडिओ तेच दाखवतात. आपल्याकडे ते उचलू नका. केबिनखाली पावसाचं पाणी साचतं आणि उंदीर-घुशी इन्सुलेशन कुरतडतात. शिवाय त्या घरांत मुख्य गरज थंडीतली ऊब, म्हणून गरम हवा खालून सोडतात. गार हवा जड असते, ती वरून सोडावी.

कमी उंचीचं डक्टेबल युनिट (डक्ट जोडता येणारं इनडोअर) बाथरूम किंवा पॅसेजच्या फॉल सीलिंगमध्ये बसवा; फक्त तेवढंच छत खाली येईल आणि खोल्यांची उंची वाचेल. युनिटखाली ट्रे आणि झाकण हवं, नाहीतर फिल्टर धुवायला दरवेळी सीलिंग फोडाल.

मापं अशी. टनाला ४०० सीएफएम धरा, म्हणजे दोन टनांना ८००. मुख्य डक्टमध्ये हवेचा वेग मिनिटाला ७०० फूट ठेवला तर १६ × १० इंचांचा डक्ट लागतो. २५० सीएफएमच्या फाट्याला ९ इंची गोल नळी. फॅब्रिकेटर जागा नाही म्हणून १० × ६ सुचवेल. मान्य करू नका, हवा शिट्टी वाजवेल आणि शेवटच्या खोलीत पोहोचणारच नाही. लवचिक नळी शेवटच्या चार-पाच फुटांतच वापरा आणि ताणून बसवा.

परतीची हवा बहुतेकजण विसरतात. बेडरूमचं दार लावलं की आत गेलेली हवा युनिटकडे परत कशी येणार? दाराखालची इंचभर फट २५० सीएफएमला पुरत नाही. भिंतीत १२ × १० इंचांची ग्रिल ठेवा. युनिटजवळच्या परतीच्या ग्रिलला सव्वादोन ते अडीच चौरस फूट जागा द्या.

सांध्यांना आधी डक्ट सीलंट, मग ॲल्युमिनियम फॉइल टेप. कापडी टेप उष्णतेने सुटते. डक्टवर आत १३ मिलिमीटर नायट्रिल रबर, बाहेरून जाणाऱ्या भागावर १९ ते २५ आणि वरून पत्र्याचं आवरण. कोकणात ग्रिलच्या मानेपर्यंत रबर ओढून घ्या; उघडं राहिलेलं बोटभर लोखंडही घाम सोडतं आणि सीलिंगवर पिवळा डाग पडतो.

तपासणी : पंखा पूर्ण वेगात ठेवून सांध्यांजवळ उदबत्ती फिरवा. धूर एका बाजूला झटकला गेला की तिथे गळती. हे फॉल सीलिंग बंद करण्याआधी.

## १०. केबिन हलवताना

साइट संपली की सगळ्यांना घाई असते, आणि मेकॅनिक नळ्या सरळ कापून मोकळा होतो. गॅस हवेत जातो, कॉम्प्रेसरमध्ये ओल शिरते. त्याऐवजी पंप डाउन करून, म्हणजे सगळा गॅस आउटडोअर युनिटमध्ये ओढून घ्या : एसी कूलिंगवर चालू ठेवून आधी बारीक नळीचा व्हॉल्व्ह बंद, थोड्याच वेळात गेज शून्याजवळ आलं की जाड नळीचा बंद, आणि लगेच एसी बंद. बारीक व्हॉल्व्ह बंद असताना कॉम्प्रेसर उगाच चालवत ठेवू नका. इन्व्हर्टर एसी असेल तर आधी कूलिंग टेस्ट मोड लावावा लागतो, नाहीतर थंडीच्या दिवसांत कॉम्प्रेसर चालूच होत नाही. नळ्यांच्या दोन्ही तोंडांना टोप्या घाला, आउटडोअर ब्रॅकेटसकट उतरवून केबिनमध्ये उभं बांधा. ते कधीही आडवं झोपवून नेऊ नका.

नव्या जागी गेल्यावर क्रम असा : केबिनची लेव्हल, अर्थिंग, आउटडोअर, नळ्यांची तोंडं नव्याने फ्लेअर करणं (नट बसण्यासाठी पसरवणं), व्हॅक्यूम, मग व्हॉल्व्ह उघडणं. फ्लेअर नटांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. ट्रेमध्ये पुन्हा तांब्याभर पाणी ओता, कारण उतार जुन्या जागेच्या लेव्हलवर काढलेला होता. डक्ट असेल तर प्रवासात सुटलेले सांधे उदबत्तीने एकदा तपासून घ्या. बहुधा युनिटजवळची कॅनव्हासची जोडच आधी फाटते.